काळूराम नावाचा देवदूत

मी संत बनवतो. ज्ञानोबा-तुकाराम नव्हे. ते बनवणारे देहू-आळंदीच्या रस्त्यावर पुष्कळ आहेत. माझे संत म्हणजे सेंट जोसेफ, सेंट अँथनी, आणि तो सेंट सबॅस्टियन, ज्याच्या अंगात बाण घुसलेले असतात पण चेहरा मात्र पोटभर जेवून उठल्यासारखा असतो. शिवाय मारिया, तिच्या पायाखालचा साप, चंद्राची कोर, ढग, आणि ढगांतून डोकावणारी पंखवाली गुबगुबीत पोरं. हात थरथरायला लागेपर्यंत हेच केलं. आता थरथरतात, म्हणून लिहायला बसलो आहे. लिहिताना हात थरथरला तर कुणाचं नाक उडत नाही.

मी लोणावळ्याजवळच्या भाजे गावचा. आमच्या डोंगरात लेणी असल्यामुळे गावातली कोरीवकामाची परंपरा दोन हजार वर्षांची आहे, मध्ये थोडा खंड पडला इतकंच. तो खंड मी भरून काढला, असं मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात आणि मग आवाज खाली करून विचारतात, तुम्ही धर्म बदललात का? नाही बदलला. घरात खंडोबा आहे. त्याला हात जोडून मी सेंट अँथनीकडे जायचो. दोघांपैकी कुणी आजवर तक्रार केलेली नाही. तक्रारी केल्या त्या माणसांनीच. गावात मला ‘येशूवाला’ म्हणतात आणि लोणावळ्यातल्या चर्चमध्ये ‘तो हिंदू सुतार’. सुतार मी जातीनंही नाही. आमची भातशेती.

हे काम मला जुझे मेस्तनं शिकवलं. मेस्त म्हणजे गोव्याकडे मिस्त्री. हा माणूस एका चर्चची वेदी करायला लोणावळ्याला आला. ती पुरी होते तोवर दुसरं काम निघालं, मग तिसरं, असं करत करत तो इथंच म्हातारा झाला. मी आधी त्याची लाकडं वाहायचो, मग तासायचो, मग त्याच्या संतांचे पाय कोरायला लागलो. पायांपासून चेहऱ्यापर्यंत चढायला मला बरीच वर्षं लागली.

मेस्त करायचा त्या कामाला शिकलेली माणसं ‘बरोक’ म्हणतात. हा शब्द माझ्या कानावर पडला तोवर माझं अर्धं आयुष्य बरोक करण्यात गेलं होतं. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं: खांब सरळ दिसला की त्याला पीळ घाला. रिकामी जागा दिसली की द्राक्षाचा वेल चढवा. अंगावर कपडा असला की तो उडवा. वारा कुठून येतो ते विचारायचं नाही. चर्चची दारं-खिडक्या बंद आहेत, मेणबत्तीची ज्योत हलत नाही, आणि सेंट मायकेलचा अंगरखा मात्र राजमाचीच्या कड्यावर उभा असल्यासारखा फडफडतोय. मेस्त म्हणायचा की वारा हा आपला फुकटचा गडी आहे, त्याला कामाला लावायला शिक.

लाकूड शिवणीचं घ्यायचं. मूर्ती पाठीमागून पोखरायची, नाहीतर लाकूड वाळताना संताच्या थेट छातीला तडा जातो. मग खडू आणि सरसाचे थर, वर तांबडी माती, तिच्यावर सोन्याचा वर्ख. वर्ख इतका हलका की बोटानं उचलताच येत नाही. मऊ केसांचा कुंचला आधी आपल्या गालावरून फिरवायचा. गालाचं तेल त्याला लागतं, तेवढ्यानं वर्ख चिकटून येतो. या धंद्यात सोनं गालावर लागतं, ते असं. खिशापर्यंत ते कधी उतरत नाही.

गिऱ्हाइकं दोन प्रकारची. एक ज्यांना देव हवा असतो आणि दुसरी ज्यांना स्वतः हवे असतात. दुसऱ्या प्रकारातल्या एका दानशूर गृहस्थांनी चर्चला सेंट जोसेफ अर्पण करायचं ठरवलं. काम निम्मं झाल्यावर ते स्वतःचे तीन-चार फोटो घेऊन आले, समोरून, बाजूनं, आणि एक गॉगल लावलेला. जोसेफ थोडा ‘आपल्यासारखा’ दिसला तर बरं, असं त्यांचं म्हणणं. मी फादरकडे बोट दाखवलं, फादरनं आकाशाकडे. शेवटी जोसेफला त्यांचं नाक दिलं. त्यांच्या बायकोनं ते पाहिलं आणि एवढंच विचारलं, की यांचं नाक इतकं सरळ कधी होतं? तेव्हापासून ते गृहस्थ दुसऱ्या चर्चला जातात.

उर्से टोलनाक्याच्या पुढं एका लग्नाच्या हॉलचं कामही आठवतं. मालकाला ‘इटालियन’ छत हवं होतं. प्लास्टरचे ढग, प्लास्टरची पोरं, सगळं झालं. उद्घाटनाला कुणी पुढारी येणार होते. त्यांच्या माणसांनी आदल्या दिवशी वर पाहिलं आणि त्यांचा जीव घाबरा झाला. नागडी पोरं. साहेबांच्या डोक्यावर. पुढचे सगळे तास मी शिडीवर उभा राहून स्वर्गातल्या बाळांना लंगोट नेसवत होतो. लंगोट ओले असतानाच सनई सुरू झाली. जेवणाच्या पंक्तीत वरून प्लास्टर पडत होतं आणि आचारी सगळ्यांना सांगत होता की ते चीज आहे.

पण लिहायला बसलो ते या गमतींसाठी नाही. एका देवदूताची हकीकत सांगायची आहे. त्याचं नाव काळूराम.

तीसेक वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या बाजूला डोंगरात काही सिस्टरांचा छोटा मठ होता. त्यांच्या प्रार्थनेच्या खोलीसाठी मेस्तनं वेदी घेतली. मध्ये क्रूस, त्याच्या दोन बाजूंना दोन देवदूत, हातभर लांबीचे. उजवा मेस्तनं स्वतः कोरला. गाल फुगलेले, ओठ हसरे, गोव्यातल्या प्रत्येक चर्चमध्ये असतो तसा. डावा त्यानं मला दिला. माझा पहिला चेहरा. मी आनंदानं त्याच्या हसऱ्या पोराची नक्कल सुरू केली, तर मेस्तनं माझ्या हातून पटाशी काढून घेतली. म्हणाला, “मधे माणूस मरता आहे. एक पोर हसता ते पुरे. तू रडणारा कर.”

आता रडणारं पोर कुठं शोधायचं? शोधावं लागलं नाही. मठाच्या कुंपणाची भिंत चालली होती आणि तिथं ठाकरवाडीची चांगुणा दगड वाहायला यायची. तिनं तान्ह्याची झोळी आमच्या शेडजवळच्या जांभळाला बांधलेली असायची. ती पाटी घेऊन खाली उतरली, दिसेनाशी झाली, की काळूराम सुरू व्हायचा. त्याचं रडणं नुसतं भुकेचं नव्हतं, त्यात आरोप होता. एक मूठ डोळ्यावर, दुसरा हात पुढं पसरलेला, आणि खालचा ओठ असा बाहेर आलेला की त्यावर चिमणी बसावी. मी फळीवर कोळशानं त्याला उतरवून घ्यायचो. चांगुणाला आधी वाटलं, हा बाबा पोराला काहीतरी करतोय. मग तिला कोरलेलं डोकं दाखवलं. तिनं ते हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं आणि झोळीतल्या काळूरामच्या शेजारी ठेवलं. एक रडत होता, दुसरा तसाच.

वेदी उभी राहिली तेव्हा मठाच्या मदर डाव्या देवदूतासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की देवदूत रडत नाहीत. मेस्तनं विचारलं की क्रुसावरून खाली पडणारं रक्त बघून तुम्ही कधी रडला नाहीत का.  मला वाटतं, मदरना त्याचं नाव कळल्यावर जास्त त्रास झाला. गॅब्रिएल, राफाएल यांच्या रांगेत काळूराम.

त्यानंतर दर नाताळला चांगुणा वाडीवरून खाली उतरून मठात यायची. सिस्टर तिला केक द्यायच्या. ती केक पदरात बांधायची आणि वेदीसमोर जाऊन आपलं पोर बघायची. नजर लागू नये म्हणून त्याच्या सोनेरी गालावर काजळाचा ठिपका लावायची. ती गेली की सिस्टर तो पुसायच्या. पुढच्या नाताळला पुन्हा ठिपका, पुन्हा फडकं. हा धार्मिक वाद वर्षानुवर्षं चालला आणि कुणी कुणाला एक शब्द बोललं नाही. खरा काळूराम तोवर वाढला, शाळेत गेला, शाळेतून आला, उंच आणि हडकुळा झाला, आणि उर्से टोलनाक्यावर लागला. गाडीचा फास्टॅग चालला नाही की हातातलं यंत्र घेऊन काचेजवळ जायचं आणि काचेआडून येतील त्या शिव्या खायच्या, हे त्याचं काम. त्याचा लहानपणचा एकही फोटो नाही. वाडीवर तेव्हा फोटो कुणाचेच नव्हते. तो तान्हा असताना कसा होता, याचा या जगात एकच पुरावा होता, आणि तो मठातल्या भिंतीवर होता.

मेस्त गेला. मग सिस्टर म्हाताऱ्या झाल्या. नव्या कुणी येईनात. एकेक करून त्यांना दुसरीकडे नेलं, जागा विकली गेली, आणि एके नाताळला चांगुणा केक न घेताच माझ्याकडे भाज्याला आली. ओट्यावर बसली. मी चहा सांगितला. तिनं तो घेतला नाही.

“भाऊ, तितं पत्रं मारल्यात. आत कुनी न्हाई,” ती म्हणाली. “माजं पोर कुटं नेलं?”

मी काय सांगणार? वेदी सुटी करून कुणी मुंबईचा व्यापारी घेऊन गेला, एवढं मला कळलं होतं. मुंबई म्हणजे समुद्र. मी म्हटलं, चौकशी करतो. चौकशी मी केली नाही, कारण ती कुणाकडे करायची तेच कळत नव्हतं. ती गेली, आणि पुढं लोणावळ्याच्या बाजारात दिसली की मी दुसऱ्या फुटपाथनं जायचो.

मग मला एका डिझायनर बाईंचा फोन आला. लोणावळ्याला धरणाच्या अंगाला एक नवा बंगला झाला आहे, तिथं ‘चर्चवालं वूडवर्क’ बसवायचं आहे, साधे सुतार हात लावायला घाबरतात. मी गेलो. गाड्या ठेवायच्या जागेत प्लास्टिकखाली लाकडं रचली होती. पालथी होती. मी पहिला तुकडा पाहिला आणि मला पटाशीच्या खुणा दिसल्या. पाठीमागून पोखरताना मी डावीकडून मारतो, मेस्त उजवीकडून मारायचा. आपलं लेकरू माणूस पाठीवरूनही ओळखतो. वेदी खंडाळ्याहून मुंबईला आणि मुंबईहून परत लोणावळ्याला आली होती, आणि एवढ्या प्रवासात दोनशे वर्षांनी म्हातारी झाली होती. व्यापाऱ्यानं ती गोव्याच्या पोर्तुगीज घराण्यातली म्हणून विकली होती.

कुठं बसवायची, ते मला डिझायनर बाईंनी हौसेनं दाखवलं. दिवाणखान्यात. बार म्हणून. क्रुसाच्या जागी आरसा, संतांच्या कोनाड्यांत बाटल्या, खाली काउंटर. हल्ली लोक जुन्याला नवं करत नाहीत, नव्याला जुनं करतात. त्या बाईंचे दोन कामगार माझ्या सोन्यावर चहाचं पाणी मारून त्याला ‘अँटिक फिनिश’ देत होते आणि पीळदार खांबांना साखळीनं झोडपत होते, किडीनं खाल्ल्यासारखं दिसावं म्हणून. इतकी वर्षं लाकडाला कीड लागू नये म्हणून मठात दर पावसाळ्याआधी सिस्टरांनी त्याला कडुनिंबाचं तेल चोपडलं होतं.

मी काम घेतलं. नसतं घेतलं तर दुसऱ्या कुणी खिळे ठोकले असते. मेस्तच्या कामात एकही खिळा नाही, सगळं खुंट्यांवर. मी ते खुंट्यांवरच उभं केलं, आरसाही बसवला.

बंगल्याच्या मालकांना सगळे ‘सर’ म्हणायचे. माणूस मराठीच, पण मराठी त्यांनी फक्त आमच्यासारख्यांशी बोलायला राखून ठेवलेली. काम बघायला आले, तेव्हा बोटानं काळूरामच्या गालावर टिचक्या मारत म्हणाले, हे पोर्तुगालहून जहाजानं आलं असणार, नाही का? मी म्हटलं, नाही सर, ते इथलंच आहे. मीच केलंय.

त्यांचा चेहरा असा पडला की मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. एखाद्याला तुमची आजी खरं तर शेजारीण होती असं सांगावं तसं झालं. ते डिझायनर बाईंकडे बघायला लागले, बाई फोनकडे. म्हणजे माल नवा. म्हणजे फसवणूक. मी बिचाऱ्यांना धीर यावा म्हणून सांगून टाकलं, की तशी याला हकीकत आहे, हा चेहरा वरच्या ठाकरवाडीतल्या एका पोराचा आहे, त्याची आई इथं दगड वाहायची. आणि सरांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. “अरे, मग स्टोरी आहे की,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून काळूरामची दोन कुळं झाली. पाहुणे धंद्यातले असले की तो पोर्तुगीज. पाहुणे शिकलेले, खादीबिदी घालणारे असले की आदिवासी बाळ. मी बाकीचं पॉलिश करायला जात होतो तेव्हा दोन्ही व्याख्यानं ऐकली आहेत. आदिवासीवालं जास्त रंगायचं. त्यात जांभळाचं झाड होतं, वारा होता, आणि हळूहळू सरही होते, ते पोराला वाचवायला कसे धावून आले वगैरे. ज्या वर्षी ते पोर रडत होतं त्या वर्षी सर लोणावळ्यात फक्त चिक्की घ्यायला येत असतील.

एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. रविवारी दुपारी जेवायला मोठी मंडळी येणार आहेत, त्या बाईला आणि तिच्या मुलाला घेऊन या. फोटो काढू. मूर्ती इकडे, आई तिकडे. त्यांना साडी देऊ.

खऱ्या काळूरामला विचारलं तर तो म्हणाला, दिवसभर काचेतनं श्रीमंत बघतो, रविवारी आणि कशाला. पण चांगुणाला मी सांगितलं तेव्हा तिला साडीचं कळलंच नाही, फोटोचंही नाही. तिनं एकच विचारलं, की तो तसाच आहे का. मी म्हटलं, थोडा काळवंडलाय. म्हणाली, उन्हात ऱ्हायला आसंल.

रविवारी मी तिला स्कूटरवर बसवून नेलं. फाटकावरच्या वॉचमननं कामवाल्यांच्या दाराकडे हात केला. तिथून आम्ही स्वयंपाकघरातून आत गेलो. दिवाणखान्यात वीसेक माणसं असतील, सगळ्यांच्या हातात पेले. सरांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना जवळ बोलावलं आणि आदिवासीवालं व्याख्यान सुरू केलं. चांगुणाला इंग्रजी कळत नव्हतं ते बरं झालं. ती बारसमोर उभी राहिली.

कोनाड्यांत बाटल्या होत्या, तिनं त्या पाहिल्या. आरशात स्वतःकडेही पाहिलं. मग डावीकडं. काळूरामची एक मूठ डोळ्यावर होतीच, आणि पुढं पसरलेल्या हाताच्या बोटात कुणीतरी बाटल्या उघडायचं ओपनर अडकवलं होतं. जागा सोयीची होती खरी. उजवीकडचा मेस्तचा देवदूत हसत होता. त्याला तिथं शोभत होतं.

चांगुणा पुढं झाली. तिनं ते ओपनर काढलं, काउंटरवर ठेवलं, आणि त्या हाताचा तळवा अंगठ्यानं पुसला. सरांना हे फारच आवडलं. ते गहिवरल्या आवाजात मराठीवर आले आणि म्हणाले, सांगा मावशी, सगळ्यांना सांगा, हा कोण?

सगळ्यांनी फोन वर धरले.

चांगुणानं काळूरामकडं आणखी एकदा बघितलं, मग सरांकडं.

“ह्यो माजा न्हाई,” ती म्हणाली.

सर म्हणाले, नीट बघा. तिनं नीट बघितलं आणि पुन्हा तेच सांगितलं. “माजा कवा रडत नव्हता. लय गुनी पोर व्हतं.” पाहुण्यांत कुणीतरी हसलं. एका बाईंनी विचारलं, म्हणजे नक्की कुणाचा मग? सर माझ्याकडे बघायला लागले, जणू मी त्यांना दुसऱ्यांदा बनावट माल विकला होता. मी मान खाली घातली. तेवढं एक काम मला तिथं नीट जमलं. फोन खाली आले, कुणीतरी जेवण लागलंय असं म्हणालं, आणि ती सगळी मंडळी लगबगीनं तिकडं गेली. साडीचा विषय कुणी काढला नाही.

 येताना खंडाळ्याच्या वाटेवर मी स्कूटर थांबवली आणि विचारलं, की खरंच ओळखला नाही का. तीस वर्षांनी माझ्या कामावरचा माझाच विश्वास हलला होता, हे कबूल करतो.

“माजाच हाय की,” ती म्हणाली. “रडायला लागला म्हंजी वाडीला ऐकू जायचं. पर त्यांला कशापाई सांगायचं?”

पुढच्याच आठवड्यात सरांचा फोन आला. आता त्यांना कुणी वास्तुवाला भेटला होता. दिवाणखान्यात रडणारी वस्तू असणं वाईट, घरात बरकत राहत नाही, असं त्यानं सांगितलं म्हणे. मला ठाऊक होतं की काळूरामची वास्तू बिघडली ती त्या रविवारी. स्टोरी गेली, पोर्तुगालही गेला, आणि उरलं नुसतं एक रडकं पोर. ते कोण ठेवून घेईल? त्याच्या जागी दुसरा हसरा देवदूत करून द्या आणि हा तुमचा तुम्ही घेऊन जा, असं त्यांनी सांगितलं. मी फार विचार करतोय असं दाखवून हो म्हटलं.

नवा देवदूत मी मन लावून केला. फुगलेले गाल, मागं सरकलेलं कपाळ, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, आणि स्वतःच्याच विनोदावर हसल्यासारखं तोंड. सरांनी तो बघताक्षणी पसंत केला. म्हणाले, याच्या चेहऱ्यात काहीतरी ओळखीचं, पॉझिटिव्ह आहे. त्यांच्या बायकोनं एकदा देवदूताकडं आणि एकदा नवऱ्याकडं बघितलं, आणि ती काही बोलली नाही. फार समजूतदार बाई. सर मराठी वाचत नाहीत, म्हणून हे इथं लिहायला हरकत नाही.

काळूरामला मी आधी घरी आणला. चहाचं पाणी धुऊन काढलं, गालावर नवा वर्ख चढवला, आणि पोत्यात गुंडाळून ठाकरवाडीला घेऊन गेलो. चांगुणाचं घर कुडाचं, नुकतं सारवलेलं. काळूराम रात्रपाळी करून आला होता आणि टोलनाक्याच्या गणवेशातच दारात बसून दात घासत होता. त्यानं पोत्यातून निघालेलं आपलं तोंड पाहिलं आणि ब्रश तोंडातच धरून म्हणाला, “आई, लोक हसतील.”

मी भिंतीवर जागा शोधायला लागलो. देवदूत कुठं लावायचा, हे मला चांगलं कळतं: नजरेच्या वर, थोडा पुढं झुकलेला, उजेड एका बाजूनं. सोबत खुंटी आणली होती. चांगुणानं मला थांबवलं. रडतं पोर भितीला टांगत्यात व्हय, असं म्हणाली. तिनं कोपऱ्यात गोधडी अंथरली आणि त्याला उचलून तिच्यावर निजवलं. तो काही केल्या नीट निजेना. पाठीवरचे पंख मध्ये येत होते. ती एका बाजूला करायची, तो दुसरीकडं कलंडायचा.

“भाऊ, ह्ये पंख तेवढं काढून द्या,” ती म्हणाली.

मला सांगायला पाहिजे की ते पंख माझं सगळ्यात चांगलं काम होतं. पिसं एकावर एक, प्रत्येकाची शीर वेगळी, कडा इतक्या पातळ की उजेड दिसावा. माझ्या उमेदवारीतला पूर्ण एक पावसाळा त्यांत गेलेला. मेस्तनं आयुष्यात एकदाच माझ्या पाठीवर थाप मारली, ती या पंखांसाठी. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, आणि वाट बघत बसून राहिली.

मी दोन्ही खुंट्या ठोकून बाहेर काढल्या आणि पंख उतरवले. तिनं त्याला पुन्हा पाठीवर निजवलं, गोधडीचं टोक छातीपर्यंत ओढलं आणि हलक्या हातानं थोपटायला लागली. दारातला खरा काळूराम हे सगळं बघत होता. शेवटी त्याच्यानं राहवलं नाही.

“आई,” तो म्हणाला, “मी हितं हाय की.”

चांगुणानं थोपटणं थांबवलं नाही.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “तू तोंड धुऊन घे. ह्यो निजला की वाढते.”